मॅक्स, फोन उचल!

गळ्यात ऑफिसचं आयडी कार्ड, हातात फोन आणि डोक्याला टेन्शन कसलं? तर शाळेतल्या एका मुलीला काय वाटेल याचं! आणि ती मुलगी खरीसुद्धा नाही...

चर्नी रोड ते लोअर परळ. मध्ये फक्त तीन स्टेशनं. सकाळी उलट्या दिशेची स्लो मिळते, त्यामुळे बसायला जागा असते. गिरगावात अजून टिकून राहण्याच्या उरलेल्या फायद्यांपैकी हा एक. तर परवा शेजारी एक मुलगी बसली होती. पंचविशीची, मांडीवर डब्याची पिशवी, डोळे फोनमध्ये. ग्रँट रोडला तिने एक मोठा श्वास घेतला. मुंबई सेंट्रलला ओठ चावला. महालक्ष्मीला मला राहवेना, मी डोकावले. (आपण सगळेच डोकावतो, उगाच साळसूदपणा नको.) मला वाटलं बॉसचा मेसेज असेल, नाहीतर ब्रेकअप. पण स्क्रीनवर होता शाळेचा कॉरिडॉर. लॉकर्स, पोस्टर्स आणि दोन देखणे मुलगे. खाली दोन बटणं. शाळेच्या डान्सला कोणाबरोबर जाणार? एकाबरोबर फुकटात जाता येत होतं, दुसऱ्यासाठी हिरे मोजायचे होते.

लोअर परळ आलं. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि उतरली. डिसिजन पेंडिंग!

हा किस्सा मी माझ्या मावसबहिणीला सांगितला. ती लालबागला राहते, चोवीस वर्षांची आहे, परळच्या एका ऑफिसात ऑडिटचं काम करते आणि जगातली कुठलीही गोष्ट मला आधी माहीत असू शकते यावर तिचा विश्वास नाही. ती म्हणाली, "ताई, त्यात काय हसण्यासारखं? मीपण एकदा दादर स्टेशनला दोन गाड्या सोडल्यात, चॅप्टर संपायचा होता म्हणून."

हिरे मोजा, गोड बोला

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे गेम म्हणजे गोष्टच असते, पण अधूनमधून ती थांबते आणि तुम्हाला विचारते, आता तू काय बोलणार? कोणाच्या बाजूने उभी राहणार? तुमच्या उत्तराप्रमाणे गोष्ट वळते, निदान तसं वाटतं तरी. आणि या गोष्टींना हायस्कूल फार आवडतं.

सुरुवात जपान्यांनी केव्हाच करून ठेवली आहे. १९९४ मध्ये कोनामी कंपनीचा 'टोकिमेकी मेमोरियल' आला. हायस्कूलची तीन वर्षं, अभ्यास सांभाळायचा आणि मुलींची मनंही सांभाळायची. एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष झालं की तिच्या नावापुढे बॉम्ब दिसायला लागायचा. तो फुटला की तुमची बदनामी सगळ्या मुलींत! आमच्या नववीत हेच चालायचं, फक्त बॉम्ब दिसायचा नाही. पुढे २००९ मध्ये त्याच कंपनीच्या 'लव्ह प्लस'ने कहर केला. त्यातल्या नेने नावाच्या नायिकेशी एका जपानी तरुणाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समारंभ करून लग्न लावलं. २०१० च्या उन्हाळ्यात तर अतामी नावाच्या गावाने या गेमच्या चाहत्यांसाठी खास योजनाच आणली. मुलं गेममधल्या गर्लफ्रेंडला घेऊन तिथे सुटीला गेली. म्हणजे दोघांची खोली आणि माणूस एक.

हसलात ना? मीपण हसले होते.

अमेरिकेतल्या पिक्सेलबेरी स्टुडिओचा 'हायस्कूल स्टोरी' २०१३ चा. तो आल्यावर थोड्याच दिवसांत एका खेळाडूने कंपनीला लिहून कळवलं, की मला जीव द्यावासा वाटतोय. गेम बनवणारी माणसं हादरली. असं पत्र आलं तर काय करायचं हे कुठल्या ऑफिसच्या मॅन्युअलमध्ये असतं? त्यांनी सायबरस्माइल या ऑनलाइन छळाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेची मदत घेतली, त्या खेळाडूशी बोलत राहिले. नंतर गेममध्ये होप नावाच्या मुलीची गोष्ट आली. ऑनलाइन छळ सोसणाऱ्या मुलीची. ती त्याच संस्थेबरोबर मिळून तयार केलेली.

याच स्टुडिओचा 'चॉइसेस' २०१६ मध्ये आला आणि त्यातच हिऱ्यांची भानगड आहे. साधं उत्तर फुकट. पण मनातलं नीट बोलायचं, कुणाबरोबर चार निवांत क्षण घालवायचे, झकास ड्रेस घालायचा, तर बऱ्याचदा हिरे लागतात. हिरे हळूहळू साठवा नाहीतर खरे पैसे देऊन विकत घ्या. माझी बहीण महिन्याचा हिशेब लिहिते (ऑडिटवाली!), त्यात तिने हा खर्च 'इतर प्रवास' या खात्यात टाकला आहे. तिची तक्रार पैशांबद्दल नाहीच. "ताई, फुकटातलं उत्तर नेहमी तुसडं का असतं गं? चांगलं वागायलाच पैसे का पडतात?"

शिरोडकरचं पुढे काय झालं?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी खूळ. अजिबात नाही! शाळेतल्या पात्रांसाठी वेडं होण्यात आपण मराठी माणसं कोणाला हार जाणार नाही.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ मध्ये मौज प्रकाशन गृहाने काढली. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. गोष्टीच्या शेवटी शिरोडकर निघून जाते. बस. पुढे काही नाही. मी ती कॉलेजात असताना लायब्ररीतून आणली होती. त्या प्रतीत माझ्या आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलं होतं! एका पानावर जोशीला सरळ शिवी. एके ठिकाणी दोन वेगवेगळ्या अक्षरांत भांडण, की चूक कोणाची. आणि शेवटच्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात शिरोडकरचा पत्ता विचारलेला. कोणाला विचारला असेल? लेखकाला? लायब्रेरियनला? मी ते पुस्तक एक दिवस उशिरा परत केलं, दंड भरला, आणि ते पान खोडरबराने पुसलं नाही.

'शाळा'वर सुजय डहाकेंचा सिनेमा जानेवारी २०१२ मध्ये आला. केतकी माटेगावकर शिरोडकर झाली. तिथेही ती निघूनच गेली. मग जानेवारी २०१४ मध्ये रवी जाधवांचा 'टाइमपास' आला, त्यातली प्राजक्ता पुन्हा केतकीच. दगडू आणि प्राजक्ताचीही ताटातूट झाली, पण इथे पब्लिक गप्प बसणार नव्हतं. २०१५ मध्ये 'टाइमपास २' आला आणि मोठे झालेले दोघं पुन्हा भेटले. थिएटरात शिट्ट्या! आमच्या घरात यावरून आजही दोन पार्ट्या आहेत. आई म्हणते, बरं झालं भेटली बिचारी. माझं मत विचाराल तर शिरोडकरचा पत्ता मिळत नाही म्हणूनच ती डोक्यातून जात नाही. प्राजक्ता सापडली आणि मी निवांत झोपले.

पण एक आहे. शिरोडकर गेली तेव्हा आम्ही रागावलो ते लेखकावर, नाहीतर नशिबावर. आपल्यावर कोणी रागावलं नाही. आपण नुसते वाचत होतो ना!

केटचा फोन

गेल्या गणपतीत मी दोन दिवस लालबागला होते. गणपतीत लालबागला जाणं सोपं, निघणं अशक्य. बाहेर रस्ता माणसांनी भरलेला, ढोल सुरू, म्हणून आम्ही दोघी पोटमाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. बहिणीने 'लाइफ इज स्ट्रेंज' लावला. तिने तो अर्धवट सोडला होता आणि मला काहीच माहीत नव्हतं. (ज्यांना खेळायचाय आणि गोष्ट आधी कळायला नको, त्यांनी इथून थेट शेवटच्या भागाकडे उडी मारावी.)

पॅरिसच्या डोन्टनॉड स्टुडिओचा हा गेम २०१५ मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर असा पाच भागांत आला. मॅक्स कॉलफील्ड नावाची अठरा वर्षांची मुलगी ब्लॅकवेल अकादमी या शाळेत फोटोग्राफी शिकत असते. एक दिवस तिच्या लक्षात येतं, की आपल्याला काळ थोडा मागे नेता येतो. म्हणजे बोललेलं परत घेता येतं! ऑफिसातल्या कुठल्याही माणसाला विचारा, याहून मोठी सिद्धी नाही. उत्तर दिलं, समोरच्याचं तोंड पडलं, मागे जा, दुसरं उत्तर द्या. आम्ही पहिला तासभर तेच करत होतो.

त्या शाळेत व्हिक्टोरिया चेस नावाची एक मुलगी आहे. श्रीमंत, चिकणी आणि जिभेला धार. पहिल्याच भागात तिच्या अंगावर रंग सांडतो आणि गेम विचारतो, तिची टर उडवायची की धीर द्यायचा? बहीण ओरडली, टर! मी म्हटलं, धीर दे. जगभरचे चाहते या व्हिक्टोरियावरून असेच भांडतात. कोणाला ती चीड आणते, कोणाला वाटतं ती आतून घाबरलेली आहे. आमच्या ऑफिसात एक सिनियर आहे, त्याला व्हिक्टोरियाशी देणंघेणं नाही. तो वॉरनच्या बाजूने आहे, मॅक्सवर मरणारा तो विज्ञानवेडा मुलगा. "त्याला कोणी सिलेक्टच करत नाही," असं तो लंचला इतक्या कळवळून सांगतो, की आम्ही विषय बदलतो.

आणि एक आहे केट मार्श. देवभोळी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका पार्टीत तिला गुंगीचं औषध दिलं जातं आणि तिथला तिचा व्हिडिओ शाळाभर फिरतो. होस्टेलच्या बाथरूममध्ये आरशावर कोणीतरी त्या व्हिडिओची लिंक लिहून ठेवलेली असते. मॅक्सला ती पुसता येते. नाही पुसली तरी गोष्ट पुढे जाते. आम्ही पुसली नाही. दिसलीच नाही म्हणायला हवं, आम्ही गप्पा मारत होतो.

मग मॅक्स तिच्या मैत्रिणीबरोबर, क्लोईबरोबर, हॉटेलात बसलेली असताना केटचा फोन येतो. उचलायचा की नाही? उचलला तर क्लोई वैतागते. क्लोई म्हणजे या गेमची खरी स्टार, निळ्या केसांची, बिनधास्त. बहीण तिच्यावर फिदा. तिने फोन उचलला नाही. "नंतर करू ना ताई," म्हणाली. नंतर!

भागाच्या शेवटी केट होस्टेलच्या गच्चीवर उभी असते. मॅक्स तिच्यापर्यंत पोचते आणि नेमकी तिथेच तिची शक्ती संपते. आता मागे जाता येणार नाही. एकदाच बोलायचं. आणि गेम आता तुमची परीक्षा घेतो. केटच्या खोलीत गेला होतात तेव्हा तिथले फोटो नीट पाहिलेत का? तिच्या घरात तिच्यावर जीव टाकणारं कोण आहे? तुम्ही आधी जे केलं किंवा केलं नाही, ते सगळं केट बोलून दाखवते. फोनसुद्धा.

आमची केट वाचली नाही.

खाली ढोल वाजत होते. बहिणीने लॅपटॉप मिटला, परत उघडला. प्रत्येक भाग संपला की हा गेम एक यादी दाखवतो. तुम्ही काय काय केलं आणि जगातल्या किती टक्के लोकांनी तेच केलं. ती यादी बघत ती म्हणाली, "बाकीच्यांनी उचलला गं फोन." मग रडायला लागली. तोंडात मोदक होता, तो तसाच.

मी जे काही 'हा गेम आहे गं, वेडे' वगैरे बोलायला गेले ते घशातच राहिलं. कारण ती लेखकावर चिडली नव्हती, कंपनीवर चिडली नव्हती. हा भाग बनवणाऱ्यांना त्याची कल्पना असावी. त्यांनी गेमबरोबरच मदतीसाठी कुठे जावं याची माहितीही दिली होती. (आपल्याकडे टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, २०२२ पासून. मराठीत बोलता येतं. सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नसला तरी.)

गेमचा शेवट तर आणखी पेचाचा. एक भयंकर वादळ गावावर चाल करून येतं आणि तुम्हाला निवडायचं असतं, क्लोईला वाचवायचं की अख्ख्या गावाला. जगभरातल्या खेळणाऱ्यांत या प्रश्नावर जवळपास समसमान फूट पडली. क्लोईवाल्यांची तक्रार अशी, की आमचा शेवट फार थोडक्यात उरकला. एका शनिवारी शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर आमच्या ग्रुपमध्ये हाच वाद दीड तास चालला. २६ जुलै २००५ ला कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलेला एक मित्र म्हणाला, अख्खं गाव बुडवून प्रेम करणारे लोक मला कळत नाहीत. क्लोईवाली पार्टी त्याच्याशी अजून नीट बोलत नाही. २०२४ मध्ये 'डबल एक्स्पोजर' हा पुढचा गेम आला. ज्यांनी गाव बुडवून क्लोईला वाचवलं होतं, त्यांना त्यात कळलं, की दोघींचं मध्यंतरी फाटलं. चाहते खवळले. नऊ वर्षं जपलेली निवड दुसऱ्याच कोणीतरी खोडून टाकली! मला त्यांचा राग अगदी पटला. वाद फक्त निवड कोणाची हा नसतो, ती पुढे कोण सांभाळतं हाही असतो.

मॉनिटर

गणपतीतल्या त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याला कारण ढोल नव्हते.

नववीत मी वर्गाची मॉनिटर होते. गिरगावातली मराठी शाळा, नाव नको. आमच्या वर्गात आठवीत कोकणातून एक मुलगी आली होती. बोलायला लागली की वर्ग हसायचा, तिचे हेल वेगळे होते म्हणून. तिने बोलणं कमी केलं, तर न बोलण्यावरून हसायचे. एके दिवशी मधल्या सुटीनंतर फळ्यावर तिचं नाव, मध्ये अधिकचं चिन्ह, पुढे वर्गात सगळ्यात जास्त चिडवल्या जाणाऱ्या मुलाचं नाव. फळा पुसणं माझं काम. डस्टर माझ्या हातात होतं. मला पुसायला चार सेकंद लागले असते. मी पुसला नाही. विसरले नव्हते. मला मजा वाटत होती, हे आज लिहून टाकते.

सर आले. त्यांनी वाचलं. आणि उभं कोणाला केलं? तिलाच. पूर्ण तास ती उभी होती. दहावीला ती वर्गात नव्हती. गावाला परत गेली असं कोणीतरी म्हणालं, कोणी जास्त विचारलं नाही.

व्हिक्टोरियाला धीर द्यावा असं मला का वाटलं, ते त्या रात्री कळलं. माझी ओळख निघाली होती.

आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गुड मॉर्निंगची फुलं, वाढदिवस, कोणाच्या तरी जावेच्या साड्यांचा सेल. त्यात ती नाही. गणपतीनंतर मी ग्रुपवर तिचा नंबर विचारला. दिवसभर सगळ्यांनी वाचलं. एकाने विचारलं, कोण ही? दोन दिवसांनी एका मैत्रिणीने वेगळा मेसेज करून नंबर पाठवला, पुढे काही न लिहिता.

दरम्यान लालबागला दुसरा डाव झाला होता. बहिणीने पहिल्यापासून सुरू केलं, आरसा पुसला, प्रत्येक फोटो मान वाकडी करून वाचला, क्लोई वैतागली तरी केटचा फोन उचलला. रात्री दीड वाजता मला मेसेज आला, "वाचली." सोबत सात मोदक.

मी नंबर लावायला आणखी आठवडा घेतला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून लावला. तिने उचलला. डोंबिवलीला असते, मुलगा पाचवीत आहे. मी नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. मग मी पाठ केलेलं सगळं घडाघडा बोलून टाकलं, फळा, डस्टर, सर, सॉरी.

ती जरा वेळ गप्प होती.

"फळ्याचं मला नाही गं आठवत," ती म्हणाली. "असेल झालं. तू मॉनिटर होतीस ना? बडबड करणाऱ्यांची नावं लिहायचीस कोपऱ्यात. त्यात माझं नाव पहिलं असायचं, रोज. मी तर कोणाशी बोलतच नव्हते."

हे मात्र मला आठवत नव्हतं.

मागे कुकरची शिट्टी झाली. "चल, ठेवते," ती म्हणाली. "रविवारी कर, चारनंतर. मुलगा क्लासला जातो तेव्हा."